मांजराला कोरडे द्यावे की ओले? आधी पाण्याचा हिशेब मांडा

मांजर पाळणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न काही केल्या संपत नाही: ड्राय फूड द्यावे की पाउचमधले, डब्यातले वेट फूड? पेट शॉपवाला सांगतो, दाण्यांनी दात स्वच्छ राहतात. मांजरवेडा मित्र सांगतो, दाणे म्हणजे विष, त्यानेच किडन्या जातात. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, आमच्या वेळी दूध-पोळीवर मांजरे पंधरा-पंधरा वर्षे जगली, ही थेरे कशाला? यातल्या प्रत्येक म्हणण्यात थोडे तथ्य आहे आणि बरीच भर आहे. तुम्हाला निर्णय घ्यायचा असेल, तर दोन्ही प्रकारांत खात्रीने वेगळे काय आहे एवढेच आधी शोधा. प्रथिने किती, मांस कसले, जीवनसत्त्वे पुरेशी की अपुरी, हे सगळे पाकिटागणिक बदलते. उत्तम कोरडे अन्न असते, तसे टाकाऊ ओले अन्नही असते. प्रकारामुळे ठामपणे बदलते ती एकच गोष्ट, पाणी. उष्मांकांची दाटीही त्याच पाण्यामुळे बदलते. म्हणून निवडीची सुरुवात पाण्यापासून करा, असे आमचे म्हणणे आहे.

पाण्याचा हिशेब

आपले घरगुती मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजराच्या वंशातले. तिथे पाणवठे कमी, पण शिकारीच्या अंगातच साधारण ७० टक्के पाणी असते, त्यामुळे उंदीर-पाखरे खाऊन मांजराचे भागे. या वारशामुळे मांजराची तहान मंद असते आणि त्याची मूत्रपिंडे लघवी खूप घट्ट करून पाणी वाचवतात. रानात हा गुण होता. वाटीत दाणे आल्यावर त्याचीच अडचण होते, कारण अन्नातले पाणी गेले तरी तहान त्या प्रमाणात वाढत नाही.

आकडे मांडून पाहा. नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला ढोबळमानाने २२० उष्मांक लागतात, आणि पाणी किलोमागे सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे एकूण २०० मिलिलिटरच्या आसपास. कोरड्या अन्नात १०० ग्रॅममागे साधारण ३७० उष्मांक धरले, तर ६० ग्रॅम दाण्यांत दिवसाची गरज भागते. या ६० ग्रॅममध्ये पाणी असते जेमतेम ५ मिलिलिटर. हेच उष्मांक ८५ ग्रॅमच्या, प्रत्येकी ७५ उष्मांकांच्या तीन पाउचमधून दिले, तर पोटात अन्नाबरोबरच २०० मिलिलिटर पाणी जाते. पचनाच्या वेळी शरीरात थोडे पाणी तयार होते, ते दोन्हीकडे सारखेच, म्हणून सोडून देऊ. सांगायचा मुद्दा असा की ओल्या अन्नावरच्या मांजराची पाण्याची गरज जेवणातच भागते, आणि दाण्यांवरच्या मांजराला ती जवळजवळ सगळी वाटीतून पिऊन भागवावी लागते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘आमचे मांजर दाणे खाते, पण पाणीही भरपूर पिते.’ ते खरेच पीत असणार. दाण्यांवरची मांजरे वाटीतले पाणी जास्त पितात हे सगळीकडे दिसते. पण अन्नातले आणि वाटीतले मिळून एकूण पाणी मोजले, तर ते ओल्या अन्नावरच्या मांजरांपेक्षा कमीच भरते, आणि लघवी अधिक घट्ट होते. म्हणजे वाटी रिकामी होताना दिसते म्हणून निश्चिंत राहणे बरोबर नाही.

घट्ट लघवीने नेमके काय बिघडते? निरोगी मांजरात कदाचित काहीच नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. लाखो मांजरे आयुष्यभर दाणे खाऊन ठणठणीत राहतात. पण ज्या मांजरांना मूत्राशयाचा त्रास एकदा होऊन गेला आहे, त्यांच्यात फरक दिसतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मूत्राशयदाहाचा त्रास असलेल्या ४६ मांजरांना एकाच धर्तीचे पथ्याचे अन्न दिले होते, काहींना डबाबंद आणि काहींना कोरडे. वर्षभरात डबाबंद अन्नावरच्या ११ टक्के मांजरांना त्रास उलटला, तर कोरड्यावरच्या ३९ टक्के मांजरांना. अभ्यास लहान आहे आणि तो आधीच आजारी असलेल्या मांजरांचा आहे, त्यामुळे ‘दाण्यांनी मूतखडा होतो’ असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. मात्र अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या मंडळाने २०१६ साली मूतखड्यांविषयी दिलेल्या शिफारशींतही लघवी पातळ ठेवण्यावर आणि त्यासाठी जास्त पाण्याच्या अन्नावर भर आहे. मूत्रपिंडांच्या जुनाट आजाराचे मात्र तसे नाही. तो आजार दाण्यांमुळे होतो हे सिद्ध झालेले नाही. तो झाल्यावर पाणी जास्त जाणे हिताचे, एवढेच म्हणता येते.

त्याआधी पाकिटावरची एक ओळ

पाण्याचा विचार दुसरा, पहिला विचार अन्न पूर्ण आहे की नाही याचा. मांजर पक्के मांसाहारी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते. तयार ‘अ’ जीवनसत्त्व आणि अॅरॅकिडॉनिक आम्ल यांचेही तसेच, आणि ती प्राणिज पदार्थांतच पुरेशी असतात. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पिऑन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मांजरांतला हृदयाचे स्नायू पातळ होण्याचा एक जीवघेणा आजार टॉरिनच्या अभावाने होतो आणि टॉरिन दिल्यावर बरा होऊ शकतो. त्यातली कित्येक मांजरे बाजारातले तयार अन्नच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवले. आज अमेरिकी ‘आफ्को’ निकषांत कोरड्या अन्नात पाणी वगळून किमान ०.१ टक्का, तर डबाबंद अन्नात ०.२ टक्के टॉरिन लागते. डबाबंद अन्नात टॉरिनचा जास्त भाग वाया जातो, म्हणून हा दुप्पट आकडा.

भारतात सर्वांत जास्त फसगत इथेच होते. मांजरासाठी म्हणून मिळणारे सुंदर दिसणारे टूनाचे डबे, रश्शातले माशांचे तुकडे, नळीतून चाटवायची क्रीम यांतले बरेच पदार्थ पूरक असतात. पाकिटावर बारीक अक्षरात ‘कॉम्प्लिमेंटरी’ असे छापलेले असते. तो अधूनमधून द्यायचा खाऊ आहे, रोजचे जेवण नव्हे. ओले अन्न चांगले असे ऐकून तुम्ही दाणे बंद केले आणि असे डबे सुरू केले, तर चांगल्या पूर्ण अन्नावरून अपुऱ्या अन्नावर आलात. विकत घेताना एवढे तपासा:

- ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ किंवा नुसते ‘कम्प्लीट’ असे स्पष्ट लिहिलेले हवे, शक्यतो ‘आफ्को’ किंवा युरोपच्या ‘फेडियाफ’ निकषांच्या उल्लेखासह.
- कोणत्या वयासाठी: पिल्लू, प्रौढ की सर्व वयांसाठी. वर्षाच्या आतल्या पिल्लाला, गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरीला प्रौढांचे अन्न पुरत नाही.
- १०० ग्रॅममध्ये किंवा एका पाउचमध्ये उष्मांक किती. हा आकडा छापलेला नसेल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. सांगता येत नसेल तर दुसरी कंपनी बघा.
- उत्पादनाची तारीख, वापरण्याची मुदत आणि बॅच क्रमांक.

प्रथिनांचे आकडे पाहताना मात्र सावध राहा. पाउचवर प्रथिने ९ टक्के आणि दाण्यांच्या पुड्यावर ३२ टक्के पाहून दाणे कितीतरी पौष्टिक वाटतात. ही तुलना पेज आणि चुरमुरे सारख्या वजनाने तोलण्यासारखी आहे. पाणी वजा करा. पाउचमध्ये ८२ टक्के पाणी असेल तर उरलेल्या १८ भागांत ९ भाग प्रथिने, म्हणजे ५० टक्के. दाण्यांत १० टक्के पाणी असेल तर ९० भागांत ३२, म्हणजे साधारण ३६ टक्के. ‘धान्यविरहित’, ‘नैसर्गिक’, ‘प्रीमियम’ या शब्दांवर वेळ घालवू नका, निर्णयाला त्यांचा काही उपयोग नाही.

तुमच्या घरासाठी कोणता पर्याय

बहुतेक मराठी घरांसाठी आमचा कौल मिश्र आहाराला आहे: रोज निदान एक ओले जेवण आणि उरलेले दाणे मोजून. वरच्याच मांजराला एक पाउच आणि ४० ग्रॅम दाणे दिले तर उष्मांक तेवढेच राहतात. पाउचमधून ६८ मिलिलिटर पाणी जाते. त्यात कोमट पाण्याचे दोन मोठे चमचे कालवले तर आणखी ३०. म्हणजे दिवसाच्या पाण्याची निम्मी गरज मांजराच्या तहानेवर न विसंबता भागली. शिवाय मांजर दोन्ही पोतांना सरावते, आणि त्याचे महत्त्व आजारपणात कळते. मांजराची आवड लहानपणी घट्ट होते. आयुष्यभर फक्त दाणे खाल्लेले दहा वर्षांचे मांजर मूत्रपिंडाच्या आजारात ओल्या अन्नाला तोंड लावत नाही, तेव्हा डॉक्टरांचेही हात बांधले जातात. पिल्लू घरात आले असेल, तर पहिल्या काही महिन्यांतच दोन्हीची चव लावा.

पूर्ण ओला आहार ज्यांनी आवर्जून करावा अशी मांजरे निराळी आहेत. लघवीचा त्रास एकदा तरी झालेली, विशेषतः बोके. मूत्रपिंडे कमजोर झालेली. वारंवार बद्धकोष्ठ होणारी. दाणे कितीही मोजले तरी सतत भुकेने मागे लागणारी लठ्ठ मांजरेही त्यात येतात, कारण पाण्यामुळे तेवढ्याच उष्मांकांत वाटी भरलेली दिसते आणि पोटही भरते.

फक्त दाणे देणे हा गुन्हा नाही. दिवसभर घर बंद असते, फ्रिज नाही, चार-पाच मांजरे सांभाळायची आहेत, किंवा मांजर ओल्याकडे ढुंकूनही बघत नाही, अशी कारणे खरी असतात. तेव्हा पूर्ण आहार असलेले दाणे घ्या, मोजून द्या आणि पाण्याची व्यवस्था वाढवा: पसरट वाट्या, घरात दोन-तीन ठिकाणी, जेवणाच्या वाटीपासून आणि मातीच्या ट्रेपासून दूर, रोज धुतलेल्या. वाहत्या पाण्याचे कारंजे काही मांजरांना आवडते, काही त्याला घाबरतात. सगळ्यांनी विकत घ्यावे असे ते नाही.

खर्चाचे काय? इथे गोडगोड बोलण्यात अर्थ नाही, ओला आहार महागच पडतो. समजा पाउच ५० रुपयांना आणि दाणे ४०० रुपये किलोने मिळतात. मग आपल्या मांजराचा महिन्याचा खर्च नुसत्या दाण्यांवर सुमारे ७२० रुपये, मिश्र आहारावर १,९८० आणि पूर्ण ओल्यावर ४,५०० रुपये होतो. तुमच्या गावातले दर घालून हाच हिशेब करा, आणि करताना वजनाची तुलना न करता १०० उष्मांकांना किती रुपये पडतात ते काढा. मोठा डबा पाउचपेक्षा बहुधा स्वस्त पडतो. परवडत नसेल तर आठवड्यातून तीन-चार दिवस ओले द्या, उरलेल्या दिवशी दाण्यांत पाणी घाला. तेही काही नसण्यापेक्षा बरे.

शाकाहारी घरांची अडचण वेगळी असते आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. दाण्यांतही मांसच असते, पण ते दिसत नाही आणि त्याला मासळीचा वास नसतो. पाउच फोडला की स्वयंपाकघरात कुरकुर सुरू होते. त्यासाठी वेगळा चमचा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि जेवणाची जागा बाल्कनीत किंवा मोरीजवळ, एवढ्यावर बहुतेक घरांत तोडगा निघतो. मांजरालाच शाकाहारी करणे हा तोडगा नाही, त्याचे शरीर त्यासाठी घडलेलेच नाही.

दोन्ही बाजूंचे आक्षेप

दाण्यांच्या बाजूने सर्वांत जुना दावा दातांचा. साधा दाणा मांजराच्या दाताखाली लगेच फुटतो आणि कित्येक मांजरे तर दाणे न चावताच गिळतात, मग दात घासले जाणार कुठे? खास दातांसाठी बनवलेले, मोठ्या आकाराचे आणि सहज न फुटणारे दाणे असतात, आणि त्यांतल्या चाचणीत उतरलेल्यांना अमेरिकेच्या पशुदंत आरोग्य परिषदेची मोहोर मिळते. त्यांचा उपयोग होतो, पण नेहमीच्या पुड्याला ते श्रेय देऊ नका. दात राखायचे असतील तर मांजरांच्या टूथपेस्टने घासणे आणि वेळोवेळी डॉक्टरांकडून तपासणे हाच मार्ग आहे, अन्न कोणतेही असो. माणसांची पेस्ट वापरू नका.

ओल्याच्या बाजूने आवडता दावा मधुमेहाचा. दाणा यंत्रातून फुलवून काढायला पिष्ट लागते, त्यामुळे दाण्यांत कर्बोदके जास्त, म्हणून मधुमेह, अशी ही साखळी. पहिली कडी खरी आहे, शेवटच्या कडीचा पुरावा मात्र दोन्हीकडे ओढतो. २००९ सालच्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात मांजर घरात कोंडलेले असणे आणि हालचाल कमी असणे यांचा मधुमेहाशी संबंध दिसला, दाण्यांच्या प्रमाणाचा दिसला नाही. २०१७ सालच्या स्वीडनमधल्या अभ्यासात सामान्य वजनाच्या मांजरांत दाण्यांचा संबंध आढळला. लठ्ठपणा हा धोका मात्र निर्विवाद आहे, म्हणून आधी वजन सांभाळा. मधुमेह झालेल्या मांजराची गोष्ट निराळी. त्याला कमी कर्बोदकांच्या ओल्या अन्नाचा फायदा होतो, पण इन्शुलिन चालू असताना अन्न परस्पर बदलू नका. इन्शुलिनची गरज एकदम उतरते आणि साखर धोकादायक पातळीवर घसरू शकते.

डब्यांवरही आक्षेप आहेत. ‘डबाबंद म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह’ हा समज उलटा आहे. डबा बंद करून उष्णतेने निर्जंतुक केलेला असल्याने त्याला टिकवणाऱ्या द्रव्यांची फारशी गरज नसते. चरबी खवट होऊ नये म्हणून अशी द्रव्ये दाण्यांत घालावी लागतात, आणि मर्यादेत ती सुरक्षित असतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. म्हाताऱ्या मांजरांतल्या थायरॉइडच्या अतिरेकाचा डबाबंद अन्नाशी संबंध काही पाहण्यांत दिसला आहे, २००४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात विशेषतः ओढून उघडायच्या डब्यांशी. कारण सिद्ध झालेले नाही, डब्याच्या आतल्या लेपावर संशय आहे. एवढ्यावरून ओले अन्न सोडावे असे आम्हाला वाटत नाही. पण एकाच कंपनीचा एकच डबा वर्षानुवर्षे देण्याऐवजी पाउच आणि डबे, चिकन आणि मासे असे आलटून पालटून द्यावे, आणि दहा वर्षांपुढच्या मांजराची थायरॉइड तपासणी करून घ्यावी.

मोजून द्या

दाण्यांचा खरा दोष त्यांच्या घटकांत कमी आणि आपल्या हाताच्या सैलपणात जास्त आहे. वाटी भरून ठेवली की दिवसभराची काळजी मिटते, आणि मांजर फुगत जाते. रोजचे १० ग्रॅम जास्तीचे दाणे म्हणजे ३७ उष्मांक, म्हणजे आपल्या मांजराच्या दिवसाच्या गरजेचा सहावा हिस्सा. घरातल्या चौघांपैकी कोणीतरी येता-जाता टाकलेली चिमूट एवढी सहज भरते. नसबंदीनंतर गरज आणखी कमी होते, आणि नेमके तेव्हाच मांजर जास्त मागू लागते. त्यामुळे वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सकाळीच दिवसाचे दाणे काढून एका डबीत ठेवा. डबी संपली की त्या दिवसाचे जेवण संपले. पाकिटावरचा तक्ता सुरुवातीपुरता धरा, पुढे मांजराकडे पाहून ठरवा: हलका हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. खाऊ आणि ताटातले तुकडे मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ देऊ नका.

अन्न बदलताना

एका दिवसात बदल करू नका. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवे, मग निम्मे, मग पाऊण, असे आठ-दहा दिवसांत पूर्ण करा. हट्टी मांजराला महिनाही लागतो. आधी वाटी कायम भरलेली असेल तर जेवणाच्या दोन-तीन ठरलेल्या वेळा लावा, नाहीतर भूकच लागत नाही. ओले अन्न फ्रिजमधून काढून थंडगार देऊ नका. गरम पाण्यात पाउच धरून कोमट केले की वास सुटतो, आणि मांजर वासावर खाते. वरून थोडे दाणे कुस्करून टाकल्यास ओळखीची चव लागते.

‘भूक लागली की खाईल’ हा नियम मात्र मांजराला लावू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ शकते. चोवीस तासांत काहीच खाल्ले नाही तर जुने अन्न द्या आणि प्रयत्न पुन्हा सावकाश सुरू करा. जुनेही नाकारले तर डॉक्टरांकडे न्या.

आपली हवा आणि साठवण

परदेशी पाकिटावरच्या सूचना आपल्या हवेला पुरत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात किंवा मुंबईच्या दमट उकाड्यात ओले अन्न अर्ध्या-पाऊण तासाच्या वर बाहेर ठेवू नका, उरलेले टाकून द्या. उघडलेला डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. फ्रिज नसेल किंवा वीज सारखी जात असेल, तर एका वेळी संपेल असे लहान पाउच घ्या. पाणी घातलेल्या दाण्यांनाही हाच नियम, ते भिजवून दिवसभर ठेवायचे नसतात.

दाणे टिकतात हा समज कोकणातल्या पावसाळ्यात खोटा ठरतो. उघडा पुडा दमट होतो, चरबी खवट होते, बुरशी धरते, आणि बुरशीचे विष यकृतावर जाते. स्वस्त पडतो म्हणून सात किलोचा पुडा घेऊ नका, महिन्याभरात संपेल एवढाच घ्या आणि मूळ पुड्यासकट हवाबंद डब्यात ठेवा, म्हणजे बॅच क्रमांक आणि मुदत हाताशी राहते. दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटे बांधून मिळणारे दाणे अजिबात घेऊ नका. कोणत्या कंपनीचे, कधीचे, मांजराचे की कुत्र्याचे, काहीच कळत नाही. कुत्र्याचे अन्न मांजराला रोज चालत नाही, टॉरिनचा प्रश्न तिथेही येतो.

घरचे अन्न कुठे बसते

दूध-पोळीवर जगलेली मांजरे दिवसभर बाहेर उंदीर, सरडे, पाखरे मारत होती, त्यांचे जेवण तिथे होत होते. सदनिकेत कोंडलेल्या मांजराला दूध-पोळी पुरत नाही, आणि बऱ्याच प्रौढ मांजरांना दूध पचतही नाही. उकडलेले चिकन किंवा काटे काढून शिजवलेली मांदेली खाऊ म्हणून उत्तम, पण तेवढ्यावर ठेवल्यास कॅल्शियम आणि इतर घटक कमी पडतात. कच्ची मासळी वारंवार देऊ नका. सुकट आणि खारवलेले बोंबील फार खारट असतात. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका. माणसांसाठीचा टूनाचा डबा म्हणजे मांजराचे वेट फूड नव्हे.

थांबायचे नाही अशी वेळ

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, खालची जागा चाटत राहतो, आणि लघवीचे थेंब किंवा काहीच येत नाही, तर ती आणीबाणी आहे. अनेक जण याला बद्धकोष्ठ समजून तूप चाटवतात आणि सकाळची वाट पाहतात. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाल्यास रक्तातले पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी न्या. अन्नाचा विचार त्यानंतर. लघवीच्या आजारासाठीचे पथ्याचे अन्नही स्वतः निवडू नका. एका प्रकारचे खडे विरघळवण्यासाठी बनवलेले अन्न दुसऱ्या प्रकारच्या खड्यांवर उपयोगी पडत नाही. डॉक्टरांनी असे अन्न लिहून दिले तर ते कशासाठी, किती दिवस आणि त्याचा ओला प्रकार मिळतो का, हे विचारा. ते कुठल्या दुकानातून घ्यायचे हे ठरवणे तुमच्याकडे आहे.

माल खराब निघाला तर

पाळीव प्राण्यांचे अन्न २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या ‘अन्न’ या व्याख्येत येत नाही, त्यातून पशुखाद्य वगळलेले आहे. म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे केलेली तक्रार बहुधा पुढे सरकत नाही. पण तुम्ही ग्राहक आहात, आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुम्हाला लागू होतो. सदोष मालामुळे झालेल्या हानीची जबाबदारी त्यात उत्पादकावर आणि विक्रेत्यावरही टाकता येते. वेष्टित मालाच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीचा संपर्क असावा लागतो. आयात डब्यावर भारतातल्या आयातदाराचे नाव नसेल तर तो घेऊच नका, कारण तक्रार कोणाकडे करणार? अळ्या, बुरशी, फुगलेला डबा किंवा खाडाखोड केलेली मुदत आढळली तर असे करा:

- पाकीट फेकू नका. बॅच क्रमांक, मुदत आणि दोष दिसेल असे फोटो काढा, आणि थोडे अन्न सीलबंद करून फ्रीझरमध्ये ठेवा.
- बिल शोधून ठेवा. ऑनलाइन खरेदीचा ऑर्डर क्रमांकही चालतो.
- मांजर आजारी पडले असेल, तर काय खाल्ले आणि कधी खाल्ले याची नोंद डॉक्टरांकडून लेखी घ्या. तपासण्यांची बिलेही जपा.
- आधी कंपनीला आणि विक्रेत्याला लेखी कळवा. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.
- तरीही दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मालासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

फुगलेल्या डब्याच्या बाबतीत एक खबरदारी घ्या. तो उघडून पाहू नका आणि फ्रीझरमध्येही ठेवू नका. बंद डब्याचाच फोटो काढा, तो पिशवीत गुंडाळून मुलांच्या आणि प्राण्यांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, आणि कंपनीचा माणूस न्यायला आला तर पोच घेतल्याशिवाय देऊ नका.